डेन्झिल बॅप्टिस्टची बेरीज

डेन्झिल बॅप्टिस्टसमोर ‘बहुतेक’ हा शब्द काढायचा नाही, हे आमच्या ऑफिसात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगत असे. ऐकत कुणीच नसे. चार दिवसांत कुणीतरी कॉफीच्या मशीनपाशी सहज बोलून जायचं, ‘‘आज सर्व्हर स्लो आहे, बहुतेक नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल,’’ आणि डेन्झिल हातातला कप खाली ठेवून विचारायचा, ‘‘मोजलंस का?’’

झालं. त्या माणसाचा अर्धा दिवस गेला म्हणून समजायचं. आणि माझाही, कारण टीमची लीड मी. माझ्यापेक्षा वयानं बारा-तेरा वर्षांनी मोठा असलेला हा माणूस कागदावर माझ्या हाताखाली होता. प्रत्यक्षात तो कुणाच्याच हाताखाली नव्हता. त्याला राग येत नसे, तो आवाज चढवत नसे, आणि ऐकतही नसे. असल्या माणसाशी भांडून आपलंच बीपी वाढतं. मुलुंडहून पवईला येईपर्यंत मी रोज ठरवायचे की आज याच्याशी शांतपणे बोलायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते टिकलं तर मिळवली.

डेन्झिल मरोळ गावठाणातला. त्याच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यातली नेमकी कुठली इमारत बॅप्टिस्टांच्या बांधावर उभी आहे, हे त्यानं जुन्या नकाशावरून मोजून ठेवलं आहे. पन्नाशी उलटलेला, उंच, जरासा वाकलेला, कायम चौकडीचा इस्त्रीचा शर्ट. लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याची आई आयडा, दोघंच. कामाला म्हणाल तर वाघ. पण आधीच्या दोन कंपन्यांतून त्याला नारळ मिळाला होता, आणि दोन्ही वेळा कारण एकच. भर मीटिंगमध्ये, ग्राहकासमोर, साहेबानं सांगितलेला आकडा यानं दुरुस्त केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी एकदा विचारलं, ‘‘अरे, नंतर केबिनमध्ये सांगता आलं नसतं?’’ तर म्हणाला, ‘‘पण आकडा तर तेव्हाच चुकला होता ना.’’

आमच्याकडे तो आला त्या वर्षीच मी आयडा आंटींना भेटले. गुडघ्यापर्यंत लुगडं, कानात सोनं, आणि नजर अशी की भाजीवाला आपणहून भाव कमी करील. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, ‘‘पोरी, हा डोक्यानं हुशार हाय, पण याला कवा गप बसायचं ते समजत नाय. आता पन्नाशीला कोण नोकरी देईल? तू सांभाळ याला.’’ मी हो म्हणून बसले. माझ्या आयुष्यात मी जे मूर्खासारखे शब्द दिले, त्यातला हा पहिल्या नंबरचा.

तर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. रक्त तपासलं की रिपोर्टचं नीट पान तयार व्हायचं, त्यावर डॉक्टरांची सही उमटायची, आणि ते पेशंटच्या मोबाइलवर जायचं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घाटकोपरच्या डॉक्टर वनमाला. एका लॅबपासून सुरुवात करून त्यांनी मुलुंडपर्यंत शाखा काढल्या होत्या. आणि नेमके सकाळचे रिपोर्ट अडकायला लागले. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेले लोक दुपारी परत येऊन काउंटरवर हात आपटायचे. वनमाला मॅडमनी मला फोनवर सांगितलं, ‘‘अबोली, मला कारणं नकोत. या महिन्यात हे सुटलं नाही तर मी दुसरं सॉफ्टवेअर घेते.’’ आणि ठेवलाच फोन.

आमचे मालक मार्तंड सर. त्यांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. ‘‘घाटकोपर गेलं तर निम्मं ऑफिस जाईल,’’ ते म्हणाले. ‘‘मला खात्री आहे की आपला कोड चांगला आहे. गडबड त्या विकतच्या लायब्ररीत आहे. पण आपल्यातल्या कुणाच्या कोडमुळे हे होत असेल, तर त्यानं उद्यापासून यायची गरज नाही.’’

विकतची लायब्ररी म्हणजे दिंडोशीच्या एका कंपनीचा तयार कोड. पानं रचायचं काम ती लायब्ररी करते, आम्ही तिला फक्त माहिती पुरवतो. आत काय चालतं ते आम्हाला दिसत नाही. आम्ही त्यांना मेल केला की रिपोर्ट अडकतात. त्यांच्या श्रेयस नावाच्या माणसाचं उत्तर आलं की आमची लायब्ररी झकास चालते, तुमचा कोड तपासा. आम्ही लिहिलं, आमचा तपासला. ते म्हणाले, पुन्हा तपासा. नाचता येईना अंगण वाकडं, असं दोघंही एकमेकांना अगदी शुद्ध इंग्रजीत ऐकवत होतो.

खोलीत सगळे तावातावानं बोलत होते तेव्हा डेन्झिल कोपऱ्यात बसून नखं बघत होता. शेवटी म्हणाला, ‘‘लायब्ररीच्या आतलं कुणी मोजलंय का?’’

‘‘पेटीबंद आहे ती, डेन्झिल,’’ मी म्हणाले. ‘‘आत कसं मोजणार?’’

‘‘आस्पेक्ट लावू.’’

तर हे आस्पेक्ट प्रकरण. प्रोग्रॅम म्हणजे छोट्या छोट्या कामांची साखळी. त्यातल्या एकेका कामाला आम्ही मेथड म्हणतो. मेथडला किती वेळ लागतो ते बघायचं तर तिच्या सुरुवातीला आणि शेवटी घड्याळ बघणारी ओळ लिहायची. आपल्या कोडमध्ये ते जमतं, पण दुसऱ्याच्या बंद लायब्ररीत कुठून लिहिणार? म्हणून घड्याळाचा कोड बाहेर, वेगळा लिहायचा, आणि प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी मेमरीत चढत असते तेव्हा तो तिच्यात विणून टाकायचा. सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवतात तसा प्रत्येक मेथडच्या दारात एक वॉचमन बसतो. आत कोण गेलं, कधी गेलं, बाहेर कधी आलं, सगळं लिहून ठेवतो. मेथडला पत्ताही लागत नाही, आणि मूळ कोडला बोटही लावावं लागत नाही. यालाच आस्पेक्ट म्हणतात. हुशारीचं काम आहे, नाही म्हणत नाही.

पण डेन्झिलनं पहिल्या दिवशी काय करावं? वॉचमन सगळ्याच दारांत बसवले! ती लायब्ररी पानावरचं एकेक अक्षर काढायला वेगळी मेथड वापरते. म्हणजे पेशंटच्या नावातलं प्रत्येक अक्षर जाताना नोंद, येताना नोंद. नोंदींची नोंद होऊ लागली. जेवायच्या आत टेस्टिंगचा सर्व्हर आडवा पडला. टेस्टिंगवाली सुगंधा दोन दिवसांचं काम गेलं म्हणून माझ्या टेबलाशी येऊन रडली.

‘‘वाट लावलीस ना!’’ मी ओरडले. ‘‘अरे, कामापेक्षा मोजण्यालाच जास्त वेळ लागतोय!’’

‘‘हो ना,’’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘‘तो वेगळा काढायला पाहिजे. तो किती ते मोजतो.’’

मी कपाळावर हात मारला. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ‘‘अक्षरं नकोत. फक्त लायब्ररीच्या मोठ्या मेथडी घे. आणि आपला कोड त्यात अजिबात आणू नकोस, पूर्ण वगळ. आपल्याला त्यांचं माप काढायचंय, आपलं नाही.’’

‘‘वगळायचं कशाला?’’

‘‘कारण मी सांगतेय!’’

त्यानं एक ओळ घातली. आमच्या कंपनीचं नाव असलेलं काहीही मोजू नकोस, एवढाच तिचा अर्थ. मग वनमाला मॅडमच्या परवानगीनं तो आस्पेक्ट घाटकोपरच्या खऱ्या सर्व्हरवर सकाळभर चालवला. दुपारी आकडे आले. लायब्ररीची पान रचणारी जी मुख्य मेथड होती, तिच्यातच जवळपास सगळा वेळ जात होता. चोर सापडला! मार्तंड सरांनी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला पियुष पाजलं, आणि दिंडोशीच्या कंपनीला लगेच मेल टाकला की चूक तुमची आहे, आमच्याकडे पुरावा आहे, मंगळवारी आमच्या गिऱ्हाइकासमोर येऊन उत्तर द्या. मला तर इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्झिल माझ्या टेबलाशी उभा. पियुषचा ग्लास त्यानं तसाच ठेवला होता.

‘‘अबोली, बेरीज जुळत नाही.’’

‘‘कसली बेरीज?’’

‘‘ही मोठी मेथड आत ज्या ज्या मेथडी बोलावते, त्या सगळ्यांचा वेळ मिळवला. त्या मोठीच्या पावही भरत नाहीत. मग मधला वेळ जातो कुठे?’’

‘‘लायब्ररीतच जातो ना! कुठेतरी आत.’’

‘‘कुठेतरी म्हणजे कुठे?’’

‘‘बहु...’’ मी जीभ चावली. ‘‘डेन्झिल, तुला हात जोडते. मेल गेलाय. सर खुश आहेत. गिऱ्हाईक टिकतंय. तू आता त्यात काडी घालू नकोस.’’

तो मान हलवून गेला. त्याच्या त्या मान हलवण्याला होकार समजण्याची चूक मी इतक्या वर्षांनंतरही करत होते.

त्या रविवारी मी मरोळला गेले, ते मसाल्यासाठी. मे महिन्यात बॅप्टिस्टांच्या घरी वर्षाचा बाटली मसाला होतो. मिरच्या गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवायच्या, मग सगळे जिन्नस खापरात भाजायचे, बायांनी लाकडी मुसळांनी कांडायचे, आणि बियरच्या काळ्या बाटल्यांत दांडीनं ठासून भरायचे. त्यातल्या दोन बाटल्या दरवर्षी माझ्या. आयडा आंटींचा एक कडक नियम होता. एका बाईनं एकच जिन्नस भाजायचा. धणे घेतले तर धणेच, तीळ घेतले तर तीळच. शेजारणी कुरकुरायच्या, पण ऐकायच्या.

मी शिंकत गच्चीवर गेले तर जिन्याच्या सावलीत डेन्झिल लॅपटॉप घेऊन बसलेला. मला बघून म्हणाला, ‘‘बरं झालं आलीस. मी ती वगळायची ओळ काढून टाकली आणि पुन्हा मोजलं.’’

‘‘कुणी सांगितलं होतं?’’

‘‘कुणी नाही. हे बघ. लायब्ररी पान रचताना थांबते आणि आपल्यालाच विचारते की डॉक्टरांच्या सहीचं चित्र द्या. ते द्यायला ती आपल्या कोडमध्ये येते. आपला कोड काय करतो, तर प्रत्येक पानाला सहीची मोठी फाइल लांबच्या सर्व्हरवरून नव्यानं आणतो. एका लॅबचं काम होतं तेव्हा कुणाला जाणवलं नाही. आता इतक्या शाखा, इतके डॉक्टर. मधला सगळा वेळ तिथे जातो. वॉचमन लायब्ररीच्या दारात होता, म्हणून वेळ तिच्या नावावर लागला. आपल्या दारात आपण कुणी बसवलाच नव्हता.’’

‘‘आणि तो सहीचा कोड कुणाचा?’’ मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

‘‘माझा. आल्या आल्या पहिल्या वर्षी लिहिलेला.’’

खाली बाया कांडत होत्या, त्याचे ठोके गच्चीपर्यंत येत होते. मी त्याच्यासमोर पायरीवर बसले. मार्तंड सर काय बोलले होते ते त्याला आठवत नव्हतं असं नाही. त्याला सगळं आठवतं.

‘‘ऐक,’’ मी आवाज खाली आणून म्हणाले. ‘‘दुरुस्ती किती मोठी आहे?’’

‘‘काहीच नाही. सही एकदा आणायची आणि मेमरीत ठेवायची. केलीय मी.’’

‘‘मग गुपचूप टाक. रिपोर्ट धडाधड निघायला लागतील. मंगळवारी मी सांगते की आम्ही आमच्या बाजूनं मार्ग काढला. कुणाचं नाव नको, काही नको. तू तोंड उघडू नकोस. एवढं माझ्यासाठी कर.’’

‘‘पण त्यांना आपण चोर म्हटलंय, अबोली.’’

‘‘म्हणू दे ना! कंपनी आहे ती. तिला काय आई आहे?’’

आयडा आंटी ताटात मिरच्या घेऊन वर आल्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे. ताट टेकवून त्या माझ्याशेजारी बसल्या. ‘‘याची चूक नाय, पोरी. माझी हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा शाळेत होता तवा एका वर्षी सगळ्या आळीचा मसाला कडू झाला. सगळ्या जणी कांडणाऱ्या बायांना शिव्या द्यायला लागल्या. मी घरी येऊन एक एक जिन्नस चाखून बघितला. हळद करपलेली, नि हळद मी भाजलेली. मग क्रुसाजवळ उभी राहिले नि सगळ्यांना सांगितलं. हा माझा हात धरून उभा होता. तवापासून एकीला एकच जिन्नस. आता याला कुठल्या तोंडानं सांगू, गप बस म्हणून?’’

मग त्यांनी डोळे पुसले. मिरच्यांमुळे की काय, ते मी विचारलं नाही. मी दोन बाटल्या घेतल्या आणि चडफडत घरी गेले. मायलेक दोघंही सारखेच. याला सांभाळायला मला सांगायचं, आणि सांभाळू मात्र द्यायचं नाही.

मंगळवारी दिंडोशीहून श्रेयस आला. तिशीतला, सडपातळ, हातात जाडजूड फाइल, चेहऱ्यावर मार खायची तयारी. वनमाला मॅडम आल्या. मार्तंड सरांनी पडद्यावर आमचा आलेख लावला, लायब्ररीचा लाल खांब दाखवला, आणि घसा साफ करून सुरुवात केली, ‘‘आम्ही शास्त्रशुद्ध मोजमाप केलं आहे...’’

‘‘ते अर्धं आहे,’’ डेन्झिल म्हणाला.

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. चांगली जोरात मारली. त्यानं पाय आत घेतला आणि बोलत राहिला. सही, लांबचा सर्व्हर, मधला वेळ, सगळं. ‘‘हा लाल खांब यांचा नाही. यातला बहुतांश वेळ आपला आहे आणि तो कोड मी लिहिलाय. यांच्यावर आरोप केला त्याबद्दल सॉरी.’’

श्रेयसनं फाइल हळूच मिटली. मार्तंड सरांचा चेहरा त्या खांबाच्या रंगाचा झाला होता. वनमाला मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, ‘‘दुरुस्त कधी होईल?’’

‘‘झालंय. आज सकाळपासून तेच चालू आहे. काउंटरला विचारा.’’

त्यांनी तिथूनच फोन लावला. रांग नाही म्हणे, दहाच्या आत सगळे रिपोर्ट गेले. ‘‘मग मला इतक्या लांब बोलावलंत कशाला?’’ असं म्हणून त्या उठल्या, आणि जाता जाता सांगून गेल्या की करार पुढे चालू ठेवते. घाटकोपर वाचलं. निम्मं ऑफिस वाचलं. मला वाटलं, आता याचंही निभावेल.

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. ‘‘त्याला या आठवड्यात मोकळं कर.’’

‘‘सर, करार त्याच्यामुळे टिकला!’’

‘‘चूक त्याचीच होती.’’

‘‘मग ती शोधली कुणी? तुम्ही? मी? तो बोलला नसता तर उद्या त्या श्रेयसनं स्वतः मोजून आपल्याच तोंडावर फेकलं असतं!’’

‘‘चुकीसाठी नाही काढत मी त्याला,’’ सर म्हणाले. ‘‘गिऱ्हाइकासमोर माझं तोंड काळं केलं, त्यासाठी काढतोय.’’

मी खूप ओरडले. आपला कोड वगळायला मी सांगितलं होतं, मलाही काढा, असंही म्हणाले. त्यावर ते म्हणाले की तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, आता दार लावून घे. मी बाहेर आले तेव्हा अख्खं ऑफिस स्क्रीनकडे बघण्याचं नाटक करत होतं.

डेन्झिलनं कप पुसून पिशवीत ठेवला. मग मला बसवून आस्पेक्ट कसा चालू करायचा, कसा बंद करायचा, कुठली ओळ कधी काढायची, ते सगळं शिकवलं. स्वतःला काढल्याबद्दल एक अक्षर नाही. मला रडायलाही येत होतं आणि त्याच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटत होता.

पुढचे काही महिने वाईट गेले. इंटरव्ह्यूला बोलावायचे, याचं ज्ञान बघून खुश व्हायचे, आणि मग विचारायचे की आधीची नोकरी का सोडली. हा सांगायचा. तिन्ही नोकऱ्यांचं, इत्थंभूत. मी फोनवर शिकवायचे, ‘‘अरे, प्रोजेक्ट संपला म्हणावं.’’ तो म्हणायचा, ‘‘पण संपला नव्हता.’’ आयडा आंटींचे फोन यायचे. बोलायच्या काही नाहीत, नुसतं माझ्या मुलीची चौकशी करायच्या. ते ऐकून मला जास्त लाज वाटायची. शब्द दिला होता ना मी.

गणपतीनंतर मला अचानक श्रेयसचा फोन आला. ‘‘मॅडम, तो तुमचा मोजणारा माणूस कुठे असतो हल्ली? आम्हाला रोज कुणी ना कुणी शिव्या घालतं. चूक आमची की त्यांची, हे सांगणारं कुणीतरी पाहिजे.’’ मी नंबर दिला, आणि पहिलं काम केलं ते म्हणजे डेन्झिलला दम दिला. ‘‘हे बघ, प्रोबेशन असतं. सहा महिने तरी जिभेला कुलूप लाव. आईसाठी लाव.’’ तो म्हणाला, ‘‘बघतो.’’

मग या मार्चमध्ये लायब्ररीची नवी आवृत्ती आली आणि आमचे रिपोर्ट पुन्हा रेंगाळायला लागले. आधीइतके नाही, पण जाणवेल इतके. मार्तंड सर हात चोळत आले. ‘‘या वेळी नक्की त्यांचंच आहे. लिही त्यांना, आणि कडक लिही.’’ मी लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं, खाली नाव डेन्झिल बॅप्टिस्ट. आकडे, आलेख, सगळं साग्रसंगीत. तुमच्या कोडमध्ये एकच रिपोर्ट दोनदा मागवला जातो, तो वेळ तुमचा. मी बघितलं. होतंच तसं. आणि मग शेवटची ओळ होती. ‘उरलेला वेळ आमचा आहे. नवीन आवृत्तीत फॉन्टची फाइल प्रत्येक पानाला पुन्हा वाचली जाते. तो बदल मी केला होता.’

मी खुर्चीतून उठलेच. गाढव! तोच प्रकार, तीच चूक, तोच कबुलीजबाब, आणि प्रोबेशन संपायला अजून काही आठवडे! ही ओळ मार्तंड सरांच्या हातात पडली असती, तर त्यांनी ती फ्रेम करून श्रेयसच्या मालकाकडे पाठवली असती. मागचा हिशोब चुकता करायची याहून चांगली संधी त्यांना मिळाली नसती. मी इकडे तिकडे बघितलं. मग ती शेवटची ओळ खोडली, आणि बाकीचा मेल सरांकडे पुढे पाठवला. वर लिहिलं की चूक पूर्ण आपलीच आहे, मी दुरुस्त करते. सर जरा हिरमुसले. दिंडोशीला ‘ओके, नोटेड’ एवढंच लिहून तो अख्खा मेल त्यांनी परत धाडला. मला बरं वाटलं. आयडा आंटींना दिलेला शब्द एकदाचा पाळला, असं वाटलं.

संध्याकाळी चारच्या सुमारास फोन वाजला.

‘‘अबोली, बेरीज जुळत नाही. तुझ्या सरांनी परत पाठवलेल्या मेलमध्ये माझी शेवटची ओळ नाही.’’

‘‘मी खोडली.’’

‘‘का?’’

‘‘का म्हणजे? तुझ्या आईला शब्द दिलाय मी! किती वेळा नोकरी घालवणार आहेस रे? ती ओळ मी कुणाला दाखवणार नाही. तूही आता श्रेयसला काही बोलू नकोस. गुपचूप दुरुस्त कर.’’

‘‘श्रेयसला परवाच सांगितलं,’’ डेन्झिल म्हणाला. ‘‘मोजलं त्याच दिवशी.’’

मी डोळे मिटले. ‘‘मग? काय म्हणाला तो?’’

‘‘म्हणाला, बरं झालं आपल्यालाच सापडलं. दुरुस्त कर, आणि चल, जेवून घेऊ.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय? जेवलो. कोलंबीची आमटी होती.’’

केबिनच्या काचेतून मार्तंड सर कुणावर तरी खेकसताना दिसत होते. माझ्या स्क्रीनवर ती ओळ खोडलेला मेल तसाच उघडा होता. इतकी वर्षं मी या माणसाला गप्प बसायला शिकवत होते. त्याच्या भल्यासाठीच शिकवत होते. स्वतःचाच इतका राग आला की टेबलावरचा स्टेपलर मी उगाच सरकवून आपटला.

‘‘अबोली? आहेस ना लाइनवर?’’

‘‘आहे रे. तुमच्याकडे एखादी जागा आहे का? माझ्यासाठी?’’

पलीकडे त्यानं हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘बहुतेक,’’ तो म्हणाला.